पाच सेकंदांत तेरा व्होल्ट!

रात्री साडेदहाला भाचीने एक चित्र पाठवलं. खाली प्रश्न: “मामा, हे पाठ करू का?” बारावीच्या पोरांच्या ग्रुपांवर आठवडाभर फिरतंय म्हणे. मथळा: ‘किरचॉफ विसरा, ५ सेकंदांत उत्तर’. किरचॉफ म्हणजे सर्किटमधला करंट आणि व्होल्टेज काढायचे त्याचे दोन नियम. दोन-तीन बॅटऱ्यांच्या सर्किटसाठी चार युक्त्या. नको गं बाई, पाठ करू नकोस.

सर्किट त्यातलंच घे. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहम, उजवीकडे ६ व्होल्टची आणि ३ ओहम. दोन्हींची प्लस टोकं वर. वरच्या बिंदूपासून खालच्या तारेपर्यंत मध्ये ६ ओहम.

युक्ती १: ‘सगळे व्होल्ट भागिले सगळे ओहम.’ १८ भागिले ११, म्हणजे १.६४ अँपिअर. मग उजव्या लूपमध्ये ३ ओहमवर ४.९ आणि ६ ओहमवर ९.८ व्होल्ट. बॅटरी तिथे सहाची! टॉर्चमध्ये एकामागे एक सेल असतात, फांदी नसते, तिथे ही बेरीज चालते, हे मान्य. तीही चिन्हासकट, उलटा घातलेला सेल वजाच होतो.

युक्ती २ वर मात्र माझं डोकं फिरलं. ‘एका वेळी एकच बॅटरी ठेवा, बाकीच्या काढा, शेवटी बेरीज करा.’ सुपरपोझिशनची पद्धत खरीच आहे, म्हणून तर पोरं फसतात. चित्रात बॅटरी काढून तिथली तार तुटकी ठेवलीय. तसं केलं तर मधल्या रेझिस्टरवर बारावाली एकटी ९ व्होल्ट देते, सहावाली ४. बेरीज १३! मोठी बॅटरीच बाराची, मग तेरावा व्होल्ट काय रेझिस्टरने घरून आणला? अगं, बॅटरी काढली की तिच्या जागी सरळ तार जोडायची. आंतरिक रोध असेल तर तो तिथेच ठेवायचा. आता ६ आणि २ येतात, बेरीज ८. जागा उघडी सोडतात ती करंट सोर्सची, म्हणजे ठरावीक करंट देणाऱ्या स्रोताची. गल्लत बहुतेक तिथलीच.

युक्ती ३: ‘उत्तर वजा आलं तर चिन्ह पुसा.’ पुसू नकोस. वर ८ व्होल्ट आणि बॅटरी सहाची, म्हणजे ३ ओहममधून दोन तृतीयांश अँपिअर त्या बॅटरीत शिरतोय, ती चार्ज होतेय. वजा चिन्ह तेच सांगतं.

युक्ती ४, ‘पॉवरचीही तशीच बेरीज’: साफ चूक. व्होल्टेज दुप्पट झालं की पॉवर चौपट होते.

किरचॉफने हे नियम १८४५ मध्ये मांडले, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. तुझ्या बारावीच्या पुस्तकात दोन्ही नियम आहेत. वरच्या बिंदूचं व्होल्टेज क्ष धर. दोन्ही बॅटऱ्यांकडून तिथे येणारा करंट मिळून मधल्या ६ ओहममधून जातो:

(१२ − क्ष)/२ + (६ − क्ष)/३ = क्ष/६

सहाने गुण. ४८ = ६क्ष, क्ष = ८. २ ओहमवर ४ व्होल्ट, ३ ओहमवर २, मधल्यावर ८. एवढ्याला युक्ती कशाला हवी? हे त्या ग्रुपवरही टाक, आणि ज्याने चित्र पाठवलं त्याला म्हणावं, मीटर लावून तेरा व्होल्ट दाखव.