'टूरिंगला 350च लागते' म्हणे!

रोज ऑफिसला जायला आणि वर्षातून दोन-तीनदा कोकणात नाहीतर महाबळेश्वरला जायला कोणती गाडी घेऊ, असं कुणी ग्रुपवर विचारलं की थोड्याच वेळात तो फॉरवर्ड येऊन पडतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. 350 सीसीच्या खाली टूरिंगची, म्हणजे लांबच्या सहलींची, ताकदच नसते. छोटं इंजिन लांब पल्ल्यात तापून सीझ होतं, म्हणजे आतून जाम होतं. हलकी गाडी हायवेवर उडते. घाटात दम टाकते. आणि आज 150 घ्याल तर दोन वर्षांनी विकून मोठी घ्यालच, मग आत्ताच का नाही? यातले बरेच मुद्दे चूक आहेत, एक अर्धा बरोबर आहे, आणि गाडी घेणाऱ्याला जे खरंच बघायला हवं ते त्यात कुठेच नाही.

'350च्या खाली ताकद नसते'

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढ्या जागेत वर-खाली होतो त्या जागेचं माप. तेवढ्या जागेतून किती ताकद काढायची, हे इंजिन बनवणारा ठरवतो. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350चं इंजिन 349 सीसीचं, ताकद साधारण साडेवीस पीएस (पीएस म्हणजे ढोबळमानाने हॉर्सपॉवर) आणि वजन 195 किलो. सुझुकीची जिक्सर 250 घ्या: 249 सीसी, साडेसव्वीस पीएस, 156 किलो. शंभर सीसी कमी, ताकद सहा पीएस जास्त आणि वजन जवळपास चाळीस किलो कमी. टीव्हीएसची अपाचे आरटीआर 160 4व्ही तर आणखी छोटी, साडेसतरा पीएस आणि 145 किलोच्या आसपास. ही आणि क्लासिक, दोन्हींवर पंचाहत्तर किलोचा माणूस बसवून किलोमागे ताकद काढली, तर 160 ही 350च्या किंचित पुढेच निघते.

मग 350 चालवताना ती ताकदवान का वाटते? टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरामुळे. क्लासिकचा 27 न्यूटन मीटर टॉर्क 4000 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे वरच्या गियरमध्येही हळू चालत असताना नुसता अॅक्सिलरेटर पिळला की गाडी निवांत उचलते. जिक्सरचा 22 न्यूटन मीटर टॉर्क 7300 आरपीएमला येतो, म्हणजे तिथे गियर पाडावा लागतो. ज्याला गियर बदलायचा कंटाळा आहे त्याने क्लासिक जरूर घ्यावी. पण हा आवडीचा प्रश्न झाला, कुवतीचा नाही.

आता ही ताकद लागते किती, तेही बघू. सरळ बसलेल्या एका माणसाला सपाट रस्त्यावर ताशी 80ने न्यायला ढोबळमानाने सात-आठ पीएस पुरतात. त्यापुढे मात्र हवा वेगाच्या घनात ताकद मागते, त्यामुळे 80चे 100 करायला जवळपास दुप्पट ताकद लागते. केंद्र सरकारच्या 2018च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर 80 ही मर्यादा आहे, साध्या रस्त्यावर 60. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. 350 '110ला आरामात क्रूझ' करते, असंही फॉरवर्डमध्ये असतं. लिहिणारा ते नेमकं कुठे करतो, हे एकदा विचारायला हवं.

या हिशेबात 100 सीसीची गाडी खरंच काठावर येते. स्प्लेंडरची ताकद आठ पीएस, म्हणजे 80ला ती पूर्ण पिळलेली असते आणि ओव्हरटेकला हातात काही उरत नाही. गणपतीला अख्खं बिऱ्हाड तिच्यावर लादून लोक कोकणात पोचतात, ते 55-60ने जातात म्हणून. 125ला थोडी उसंत मिळते, 160ला भरपूर.

'छोटं इंजिन तापून सीझ होतं'

दर पन्नास किलोमीटरला थांबा, इंजिन गार होऊ द्या, हा सल्ला याच मुद्द्याला जोडून येतो. एअर-कूल्ड इंजिन गार होतं ते वाऱ्याने. हायवेवर 65-70ने चाललेल्या गाडीच्या फिन्सवरून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवरून, सतत वारा जात असतो. खरी तापते ती हिंजवडीच्या चौकात, संध्याकाळी सहाला, पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना. म्हणजे तुमची गाडी रोजच्या ऑफिसच्या वाटेवर जेवढी भाजून निघते तेवढी कोल्हापूरच्या वाटेवर निघत नाही. थांबा अवश्य, पण ते कंबरेसाठी.

इंजिन सीझ होतं ते बहुतेक वेळा ऑइल संपल्यामुळे. छोट्या गाडीत सगळं मिळून लिटरभर ऑइल असतं, त्यामुळे पाव लिटर जळलं तरी तो मोठा हिस्सा झाला. निघायच्या आदल्या दिवशी सपाट जागी गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद करून पाच मिनिटं जाऊ द्या आणि खालच्या काचेतून ऑइलची रेघ बघा. काच नसेल तर डिपस्टिक पुसून परत घालून बघा. हे काम दहा मिनिटांचंही नाही आणि सीसी कितीही असली तरी चुकत नाही.

'हलकी गाडी हायवेवर उडते'

हा तो अर्धा बरोबर मुद्दा. शेजारून एसटी किंवा कंटेनर सुसाट गेला की हवेची जी थप्पड बसते, ती 115 किलोच्या गाडीला 195 किलोच्या गाडीपेक्षा जास्त जाणवते. पण गाडी रस्ता धरते ती केवळ वजनाने नाही. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर), मागच्या टायरची रुंदी, सस्पेन्शन आणि टायरमधली हवा यांचाही त्यात वाटा असतो. मागच्या चाकात हवा कमी असलेली जड गाडी जे डोलते त्याला तोड नाही!

आणि वजनाची दुसरी बाजू फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सोयीस्करपणे आठवत नाही. सोसायटीच्या पार्किंगचा उतार, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं, दोन्ही बाजूंना स्कूटर. तिथून 195 किलोची गाडी पायांनी रेटत मागे चढावर काढायची, पाठीला लॅपटॉपची बॅग, पावसाने फरशी निसरडी. टूर वर्षातून तीन आणि हा खेळ रोज सकाळी.

'घाटात दम टाकते, लडाखचा तर विचारच नको'

खंबाटकी चढताना पुढे उसाचा ट्रक असला की सगळ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये असतात. एकट्यादुकट्याला 125-160 तिथे पुरते. गियर वेळेवर पाडला तर इंजिन कण्हत नाही. कण्हतं ते चौथ्यातच ओढत बसल्यामुळे. उतारावर तर सीसीचा संबंधच नाही. ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवायची आणि ब्रेक अधूनमधून लावायचा, हे 100ला लागू आणि 650लाही.

लडाखचं म्हणाल तर खारदुंग ला साधारण 5,359 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. त्याचा फटका प्रत्येक साध्या इंजिनाला त्याच प्रमाणात बसतो, त्यामुळे विसाची दहा-अकरा पीएस होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग) गाड्या तिथे पेट्रोल जास्त आणि हवा कमी होऊन काळा धूर ओकत थांबायच्या, म्हणून ही दहशत बसली. एप्रिल 2020पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं, बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आलं आणि मिश्रणाचं गणित गाडी स्वतः करू लागली. मनाली-लेह डबल सीट, वर सामान, असं करायचं असेल तर मोठी गाडी घ्या, हे मान्य. पण आयुष्यात एकदा करायच्या त्या सहलीसाठी रोज नळ स्टॉपच्या सिग्नलला 350 घेऊन उभं राहायचं का? लेहमध्ये गाड्या भाड्याने मिळतात.

'दोन वर्षांनी मोठी घ्यालच'

हे भविष्य आहे, त्याचा प्रतिवाद काय करणार! हिशेब मात्र करता येतो. रोज 40 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. 350चं अॅव्हरेज 33 धरलं तर तीस लिटर, 150चं 55 धरलं तर अठरा. बारा लिटरचा फरक, आणि लिटरचा भाव शंभरी ओलांडून गेलेला. शिवाय नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. जून 2022च्या दरांनुसार तो 150 सीसीपर्यंत 3,851 रुपये, 350पर्यंत 7,365 आणि त्यावर 15,117. सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आणि वर 40, हाही भेद आहेच, म्हणून 'मग 400च घ्या' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं.

फॉरवर्डमध्ये नसलेल्या गोष्टींपैकी मी सगळ्यात आधी ब्रेक बघेन. एप्रिल 2019पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, 125 आणि त्याखाली सीबीएसवर (एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो) भागवायची मुभा मिळाली. ओल्या डांबरावर, समोर अचानक म्हैस आली असताना, या एका फरकाची किंमत सगळ्या सीसीपेक्षा जास्त आहे. म्हणून 125च घ्यायची असेल तर एबीएसचं मॉडेल बघा. हीरोच्या एक्स्ट्रीम 125आरला तसं मॉडेल आलेलं आहे. मग ट्यूबलेस टायर. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि आडरानात पंक्चर झालं तर चाक खोलण्यावाचून गत्यंतर नाही. ट्यूबलेसला पट्टी खुपसून हवा भरली की निघालात.

आणि उंची. हीरोच्याच एक्सपल्स 200 4व्हीची सीट 825 मिलिमीटरवर आहे. पाच फूट चार इंचांच्या माणसाने ती रस्त्याकडेच्या खडीत एका पायावर तोलून बघावी आणि मग काय ते ठरवावं.

नेहमीच डबल सीट, दोघांचं सामान, महिन्याकाठी एखादी लांबची चक्कर आणि रोजचं ऑफिस मेट्रोने, असा ज्यांचा मामला आहे त्यांनी 350 खुशाल घ्यावी. बुकिंगच्या आधी टेस्ट राइडला मात्र मागे बसणाऱ्या व्यक्तीलाच सोबत न्यावं. शोरूमचा मुलगा मागे बसवून मारलेल्या चकरेत मागची सीट कशी आहे ते कळत नाही.