बांध कोरला तर दंड : लॅक्सटन गावची गोष्ट

आमच्या घरात दीड हात बांधापायी दोन चुलतभाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. त्यातले एक माझे आजोबा. दर पावसाळ्याच्या तोंडाला समोरचा बांधात नांगराचं एक तास जास्त मारायचा, मग आजोबा परत मारायचे. खटला चालला, वकील बदलले, मोजणी झाली आणि ती परत झाली. म्हणून लॅक्सटनला उभं राहून जे बघितलं ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरापासून पाऊण तासावरचं हे खेडं. बहुतेक शेतकऱ्यांची घरं गावातल्या रस्त्यालगत, मागं परसू, आणि शेतं मात्र गावाबाहेर. तीन मोठाली रानं आहेत : वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. आत कुंपण नाही, काटेरी तार नाही. एकेका रानात अनेकांचे लांबट पट्टे शेजारी शेजारी. प्रत्येकाचे पट्टे तिन्ही रानांत, म्हणजे चांगली जमीन एकाला आणि खडकाळ दुसऱ्याला असं व्हायचं नाही. एका वर्षी एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पूर्वी पडीक ठेवायचे, आता तिथं चारा घेतात. दर वर्षी पाळी फिरते.

मध्ययुगात इंग्लंडच्या कितीतरी गावांत हीच रीत होती. मग जमीनदारांनी संसदेतून कायदे करून घेतले आणि रानं कुंपणात गेली. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर कायदे झाले, देशाची पाचवा हिस्सा जमीन त्यात गेली. गायरानावर ज्यांची एक गाय आणि चार बदकं जगत होती, त्यांचं काय झालं असेल ते आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. लॅक्सटनचीही काही जमीन कुंपणात गेली, पण ही तीन रानं वाचली. मार्क पियर्स नावाच्या मोजणीदारानं १६३५ साली केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात दोन हजारांवर पट्टे एकेक करून दाखवलेत, आणि मध्येच नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसंही काढलीत.

मी गेलो तो ज्युरीचा दिवस होता. नोव्हेंबर संपत आलेला, गहू बोटभर उगवलेला. गावचेच शेतकरी पंच म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या रानात आले. पट्टे संपतात तिथं गवताची जागा सोडलेली असते, तिला साईक म्हणतात. ते गवत सगळ्यांचं. कुणी नांगर तिथपर्यंत रेटला का, हे बघायचं. एक जण वाकून ओळ बघत होता, दुसऱ्यानं खुंटी धरली, तिसऱ्यानं वरून घण घातला. ज्याचा पट्टा होता तोही तिथंच होता. थोडी बोलाबोली झाली आणि खुंटी रोवली गेली. दुपारी सगळे डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये एकाच टेबलावर जेवले. पुढच्या आठवड्यात तिथंच कोर्ट लीट, म्हणजे जमीनदारीच्या काळापासूनचं गावचं कोर्ट, बसतं, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात.

ही नुसती जत्रा नाही बरं का. १९७७ साली संसदेनं देशभरच्या कोर्ट लीटचे अधिकार काढले, तेव्हा कायद्यात लॅक्सटनचा अपवाद नाव घेऊन केला.

दंड किरकोळच असतो. माझ्या मते खरी ताकद त्या दर वर्षीच्या फेरीत आहे. तास एक वीत पुढं गेला की त्याच वर्षी चार जण येऊन बघतात. आमच्याकडं बघायला कुणी आलं तोवर वीत-वीत करत दीड हात झाला होता आणि त्याखाली तीस वर्षांचा राग साठला होता. मोजणीचा कागद पाहिजेच, पण शेजारच्या चार कुणब्यांनी बांधावर उभं राहून 'अरे, इथं चुकलास' म्हणणं, ते कुठल्याच कचेरीला जमत नाही.

आणखी एक. आपल्या बोलण्यातला एकर असल्याच रानांतून आलाय. बैलांनी एका दमात ओढलेलं तास म्हणजे फर्लांग, २२० यार्ड. रुंदी २२ यार्ड, म्हणजे ६६ फुटांची साखळी. हे झालं एकर, एका औताचं दिवसाचं काम. त्या साखळीची निम्मी ३३ फूट, आणि ३३ बाय ३३ म्हणजे आपला गुंठा. आजोबा ज्या गुंठ्यांसाठी झिजले, त्याच मापाच्या रानात मी उभा होतो.

इकडं कुणी येणार असाल तर नोव्हेंबरच्या शेवटी या, मी घेऊन जाईन. गमबूट मात्र आणा. माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट आहे, पाय उचलू देत नाही.