‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

एप्रिल लागला की ट्रकमालक आणि चालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ऊन वाढलं आहे, तापल्यावर टायरमधली हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून 10 ते 15 पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा कमी ठेवा. हवा कमी असली की टायर रस्ता धरतो आणि जास्त चालतो. वाटेत तापला तर थोडी हवा सोडा, वरून पाणी मारा. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतातच, तिथे नायट्रोजन भरा. रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर पुन्हा रबर चढवलेला टायर, लावू नका. शेवटी ‘एक जीव वाचेल, पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते, ते मला मान्य आहे. पण हवा कमी ठेवण्याचा आणि सोडण्याचा सल्ला इतका उलटा आहे की त्यानेच जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

तापल्यावर हवा फुगते, हे खरं. पण किती? सकाळी 27 अंशांना टायरमध्ये 110 पॉइंट हवा आहे असं धरा. गाडी धावली आणि आतली हवा 57 अंशांवर गेली, तर हवा मोजायचं गेज साधारण 122 दाखवेल. म्हणजे वाढ बारा पॉइंटची. कंपनी जो आकडा सांगते तो थंड टायरचा, आणि चालताना होणारी ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. धड टायर बारा पॉइंटने फुटत नाही.

मग फुटतो कशाने? गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी झाली की टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे त्याची बाजूची भिंत जास्त दबते आणि वर गेल्यावर पुन्हा सरळ होते. ट्रकचा 10.00-20 मापाचा टायर एका किलोमीटरला 300 च्या आसपास फेरे मारतो. ताशी 80 च्या वेगाने तासाला 24 हजार फेरे झाले, आणि प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबून सुटला. बारीक तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहिलं की ती आधी गरम लागते आणि मग तुटते. टायरच्या भिंतीत तेच चालू असतं. फरक एवढाच की रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. आत साठलेल्या उष्णतेने रबर आणि पोलादी तारांची पकड सुटते. मग रस्त्याला लागणारी वरची नक्षी पट्ट्यासारखी सोलून निघते, नाहीतर भिंतीतल्या तारा एकापाठोपाठ तुटून टायर बॅगेची चेन उघडावी तसा उघडतो.

टायरच्या धंद्यात एक जुना दंडक आहे: ठरलेल्या हवेपेक्षा 20 टक्के कमी हवेवर चाललेला टायर पंक्चरच समजायचा, आणि उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा हवा भरायची नाही. 110 चे 20 टक्के कमी म्हणजे 88. मेसेज ऐकून तुम्ही 95 ठेवलीत, वॉल्व्हमधून आठवड्याभरात थोडी गेली, की 88 दूर नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची गाडी लासलगावचा कांदा घेऊन नागपूरकडे निघाली होती. हाच मेसेज वाचून चालकाने सगळ्या टायरमधली 15 पॉइंट हवा उतरवली होती. जालन्याच्या पुढे मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. मडगार्ड फाटलं, हवेच्या ब्रेकचा पाइप तुटला, माल सहा तास उन्हात पडला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. टायर चाकाच्या लोखंडी डिस्कवरून उतरवला तेव्हा भिंतीच्या आतल्या बाजूला निळसर काळा पट्टा उमटला होता आणि तळाशी मूठभर रबराचा भुगा पडला होता. तो भुगा बघितल्यापासून हा मेसेज आला की मी गप्प बसू शकत नाही.

आतलाच टायर का फुटला, हेही सांगतो, कारण इथे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. मागच्या एका अॅक्सलवर चार टायर असतात आणि मागे असा एकच अॅक्सल असेल तर 2018 पासून त्यावर 11.5 टन वजनाची मुभा आहे, आधी 10.2 होती. म्हणजे टायरमागे जवळजवळ 2,900 किलो. जोडीतल्या एकाची हवा कमी झाली की त्याच्या वाट्याचं वजन शेजाऱ्यावर जातं. शिवाय दोघे एकाच हबला आवळलेले, फेरे सारखेच मारणार. दोघांच्या व्यासात सहा मिलिमीटरचा फरक असेल, तर एका फेऱ्यात 19 मिलिमीटर आणि एका किलोमीटरमागे पावणेसहा मीटर अंतराचा फरक पडतो. तेवढं अंतर एक टायर रस्त्यावर घासत ओढला जातो. म्हणूनच नव्या टायरच्या जोडीला झिजलेला लावायचा नाही. आतल्या टायरच्या वॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून तिथे गेज लागतच नाही. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून आवाज ऐकण्याची आपली रीत पूर्ण बसलेला टायर सांगते, 20 पॉइंट कमी असलेला नाही. आमच्या चालकानेही त्या दिवशी सगळे टायर ठोकून पाहिले होते.

हवा कमी असली की टायर जास्त चालतो, हेही खोटं. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात आणि मधली नक्षी शिल्लक असताना टायर बाद होतो. जास्त हवेत मधला पट्टा झिजतो. एकच कड झिजत असेल किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखं लागत असेल, तर दोष हवेचा नाही, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत का) आणि किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बघून घ्या.

तापलेल्या टायरची हवा सोडणं तर सगळ्यात वाईट. ढाब्यावर गेज 122 दाखवतं म्हणून 110 वर आणली, तर रात्री टायर थंड झाल्यावर आत 98-99 उरते. सकाळी तीच हवा घेऊन गाडी निघते, टायर आदल्या दिवसापेक्षा जास्त तापतो, आणि पुन्हा कुणीतरी हवा सोडतो. पाण्याचंही तसंच. वरचं रबर गार लागतं, आतल्या तारांजवळची उष्णता तशीच राहते. घाट उतरून आल्यावर तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो, तो खर्च वेगळा. गाडी सावलीत उभी करा, वाट बघा. आणि एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर कारण शोधा: हवा गेली आहे, ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग गेलं आहे.

सिमेंटचा रस्ता. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून हे फार ऐकू येतं. त्याच उन्हात काळं डांबर फिक्या सिमेंटपेक्षा जास्त तापतं, हे अनवाणी उभं राहून कुणीही बघावं. बदललं ते वेगळंच आहे. जुन्या रस्त्यावर गावं, गतिरोधक, फाटकं होती, टायरला अधूनमधून उसंत मिळायची. मुंबई-नागपूर 701 किलोमीटरच्या सलग रस्त्यावर ती मिळत नाही. कमी हवा किंवा जादा माल जुन्या रस्त्यावर कसाबसा निभावून जायचा, इथे दोन-तीन तासांत उघडा पडतो. ट्रकला 80 ची मर्यादा आहे ती पाळा आणि थांबत जा.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून जरा हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. फुकट मिळाला तर भरा, पण त्याच्या भरवशावर गेज बाजूला ठेवू नका.

राहिला रिमोल्ड. रस्त्यावर रबराच्या सोललेल्या पट्ट्या दिसल्या की आपण रिमोल्डला शिव्या देतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने अशा पट्ट्या आणि टायर गोळा करून तपासले, त्याचा अहवाल 2008 मध्ये आला. रिमोल्डचं प्रमाण त्यात विशेष जास्त निघालं नाही. सगळ्यात मोठं कारण निघालं ते रस्त्यावरच्या वस्तू लागून झालेली इजा; त्याखाली देखभाल आणि वापरातल्या चुका, आणि टायर जास्त दबणं. विमानांच्या टायरवरही पुन्हा रबर चढवतात. खरा प्रश्न केसिंगचा, म्हणजे ज्यावर नवं रबर चढवतात त्या जुन्या टायरच्या सांगाड्याचा आहे. कमी हवेवर चालून आतून जळलेल्या केसिंगवर कितीही चांगलं रबर चढवा, ते टिकणार नाही. मी पुढच्या दोन चाकांना रिमोल्ड लावत नाही. मागे लावतो, पण माझ्याच गाडीवर चाललेल्या, मला इतिहास माहीत असलेल्या केसिंगवरच.

हवा कमी ठेवण्याचा आणि सोडण्याचा तो सल्ला आमच्याकडे आता चालत नाही. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, टायर थंड असताना, दहाही टायरना गेज लागतं. आतल्या टायरसाठी वॉल्व्हला लांब नळी बसवून घेतली आहे, सगळ्या वॉल्व्हना टोप्या आहेत. दहा आकडे चालकाच्या वहीत लिहिले जातात. एखादा टायर रोज तीन-चार पॉइंट उतरत असेल, तर फुटायच्या आधी वही सांगते.