‘घोडा’ मोगलांनी आणला म्हणे!

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘घोडा हा फारसी शब्द, मोगलांनी लादलेला. आपला शब्द अश्व. घोडबंदर ही त्याच गुलामीची खूण. आणि घोडचूक, घोडनवरी बघा, निव्वळ अपमान!’ खाली हात जोडलेले इमोजी.

घोडं पेंड खातं ते पहिल्याच वाक्यात. फारसीत घोड्याला ‘अस्प’ म्हणतात, आणि हा अस्प आपल्या अश्वाचाच सख्खा भाऊ. इराणशी नातं तोडायचंच तर आधी अश्वाला घराबाहेर काढावं लागेल! घोडा आला संस्कृत ‘घोटक’वरून. कीटकाचा किडा झाला, तसा घोटकाचा घोडा. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या अमरकोश या संस्कृत शब्दकोशात घोड्याची नावं सुरू होतात तीच घोटकापासून; अश्व त्याच्या मागून. बाबर पानिपतावर लढला १५२६ साली. घोटक मुळात द्राविडी असावा असं काही अभ्यासकांना वाटतं, कन्नडात ‘कुदुरे’ आहेच. म्हणजे परका म्हणायचाच तर शेजारचा.

फारसी हवीच असेल तर ती घोड्याच्या अंगावर आहे. जीन, लगाम, चाबूक, झालंच तर वर बसलेला स्वार. या स्वाराच्या पोटातही जुन्या फारसीतला घोडा दडलाय, तेव्हा ‘घोडेस्वार’ म्हटलं की घोडे दोन होतात.

आता घोडबंदर. खाडीत गलबतांतून घोडे उतरायचे म्हणून हे नाव, असं सगळे सांगतात. घोड्यांचा व्यापार इथे होताच, आणि मोगलांच्या कितीतरी आधी. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलंय की राजाचं चाच्यांशी साटंलोटं होतं: लुटीतले घोडे तेवढे राजाला, बाकी माल तुमचा. पण जनावर परदेशी म्हणून त्याचं नाव परदेशी होत नाही. या गावाच्या नावात फारसी आहे ते ‘बंदर’, आणि त्यावर मेसेजवाल्यांची काही हरकत दिसत नाही.

अपमानाचं म्हणाल, तर घोडचुकीतला ‘घोड’ म्हणजे नुसता ‘मोठा’. घोडनवरीत टोमणा आहे खरा, पण तो वयाला.

शिवाय घोडा काढून टाकायचा तरी कुठून कुठून? बंदुकीला घोडा, बुद्धिबळात अडीच घरांचा घोडा. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावतात. रंगाऱ्याची दोन पायांवर फाकणारी शिडीही घोडीच. त्याला एकदा ‘जरा अश्विनी सरकव’ म्हणून बघा. चौथ्या मजल्यावरच्या काकू दार उघडतील.