बीपीचे घूमजाव आणि मालकीचा प्रश्न

तेलकंपन्या स्वच्छ ऊर्जेकडे खरोखर वळतील का, या चर्चेत त्यांच्या दानतीचाच ऊहापोह फार होतो. माझ्या मते प्रश्न दानतीचा नसून मालकीचा आहे, आणि ब्रिटनची बीपी हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे.

२००० साली या कंपनीने ढालीच्या जुन्या बोधचिन्हाऐवजी हिरवे-पिवळे सूर्यचिन्ह घेतले आणि आपण पेट्रोलियमच्या पलीकडे निघालो असल्याची जाहिरात केली. २०११ मध्ये तिने सौरऊर्जेचा व्यवसायच गुंडाळायला घेतला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाचे प्रमुख बर्नार्ड लूनी यांनी २०३० पर्यंत तेल-वायूचे उत्पादन २०१९ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. त्याच दिवशी लाभांशही निम्म्यावर आला, आणि माझा अंदाज असा की भागधारकांना खरे बोचले ते हेच. युक्रेन युद्धाने भाव भडकले, २०२२ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलरचा नफा झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्पादन घटवण्याचे ते लक्ष्य ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर कंपनीने उत्पादन वाढवण्याचे ठरवून स्वच्छ ऊर्जेवरच्या वार्षिक गुंतवणुकीला ५ अब्ज डॉलरहून मोठी कात्री लावली. पवनचक्कीपेक्षा तेलविहीर जास्त परतावा देत असेल, तर भागधारक दुसरे काय सांगणार?

याउलट डेन्मार्कच्या डाँग या ऊर्जा कंपनीने २०१७ मध्ये आपला तेल-वायूचा व्यवसाय इनिऑस या रसायन कंपनीला विकला आणि ऑर्स्टेड हे नाव घेऊन समुद्रातल्या पवनऊर्जेवर भिस्त ठेवली. तिचेही दिवस फिरले, अमेरिकेतले प्रकल्प अडकले आणि २०२५ मध्ये भागधारकांकडून ६० अब्ज क्रोनर उभारण्याची वेळ आली. पण निम्म्याहून किंचित अधिक मालकी असलेल्या डॅनिश सरकारने आपल्या वाट्याची रक्कम भरली.

आपल्याकडे तर मालक दिल्लीतच बसलेला आहे. १९७६ मध्ये बर्मा शेलच्या राष्ट्रीयीकरणातून आलेल्या भारत पेट्रोलियमचे निम्म्याहून अधिक भाग केंद्र सरकारकडे आहेत. तिने २०४० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले आहे. बारकाईने वाचले तर त्यात धरलेले आहे ते मुंबईतल्या माहूलसारख्या रिफायनऱ्यांतून होणारे आणि विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन. पंपावर भरलेले पेट्रोल आपल्या गाडीत जळते, ते या हिशेबाबाहेर राहते, आणि सर्वांत मोठा वाटा नेमका त्याचाच असतो. विकलेल्या इंधनाचाही हिशेब लक्ष्यात धरा, असे सांगण्यासाठी सरकारला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही, कारण वार्षिक सभेत बहुमत त्याचेच असते.