‘मॉडेलला हात लावू देत नाहीत’ – दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की प्लास्टिकच्या छोट्या मॉडेल गाड्या रंगवायच्या आमच्या रविवारच्या वर्कशॉपमध्ये अर्धा वेळ भांडी घासल्यासारखं प्लास्टिक धुण्यात आणि सुटे भाग धरायला काड्यांना चिमटे लावण्यात गेला, मॉडेलला हात लावला की आम्ही ओरडतो, हातमोज्यांचे वेगळे पैसे घेतो आणि रंगवलेली डबलडेकर बस त्या दिवशी दिलीच नाही. सगळं खरं आहे. आणि पुढच्या रविवारीही हेच होणार आहे.

किटचे, म्हणजे जोडायच्या मॉडेलचे, सुटे भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून साच्याला जे तेलकट द्रव्य लावतात, त्याचा अंश प्लास्टिकवर राहतो. त्यात लोकलचा दांडा धरून दादरला आलेला आपला हात. अशा जागी रंग नीट धरत नाही. कुठे बारीक गोल खड्डे पडतात, कुठे मास्किंग टेप (नको तिथे रंग लागू नये म्हणून लावायची चिकटपट्टी) काढताना रंगच टेपबरोबर उठतो. तुमच्या बसच्या खिडक्यांच्या कडा टेप लावूनच करायच्या होत्या. म्हणून भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश.

हातमोजे घातले की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ओल्या तांबड्या रंगाला टेकलेलं बोट पुढच्या भागावर तोच रंग उमटवतं. म्हणून मोजे घालूनही धरायचं ते मॉडेलला नाही, काडीला. बसची बॉडी आतून पोकळ, तेव्हा ती डबल टेपने रिकाम्या बाटलीवर बसवायची आणि बाटली फिरवत रंग मारायचा. चाकं टूथपिकवर. चिमटा लागतो तो पुढे झाकल्या जाणाऱ्या जागीच. हे बसवण्यात वेळ जातो. प्रत्यक्ष एअरब्रशचं, म्हणजे हवेने रंग फवारायचं, काम थोडकंच असतं. मोज्यांचे पैसे वेगळे, कारण कोणाला एक जोडी पुरते, कोणाला चार. नोंदणीच्या मेसेजमध्ये तसं लिहिलेलं असतं.

ओरडण्याबद्दल: एअरब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू असताना हळू बोललेलं ऐकू येत नाही हो.

बस ठेवून घेतली, कारण जुलैत मुंबईची हवा ओलीचिंब असते. लॅकर रंग पातळ करायचा थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसून रंग पांढुरका दिसतो. त्यामुळे रंगाचे पातळ हात मारायचे आणि मध्ये थांबायचं. शिवाय रंग वरून सुकलेला वाटला तरी आतून मऊ असतो. अंगठा दाबला की ठसा कायमचा. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर बोट लावायचं नाही, एवढी साधी परीक्षा आहे. बेस्टची जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आठवण म्हणून मुलासाठी ती करताय, तर छपरावर कोणाचा अंगठा कशाला?

तुमची बस मंगळवारपासून तयार आहे, सोमवारी दुकान बंद असतं. येताना पुठ्ठ्याचा खोका आणा, चासी, म्हणजे बसचा खालचा सांगाडा, आम्ही त्याच्या तळाला स्क्रूने बसवून देऊ. बबलरॅप मात्र आणू नका, ताज्या रंगावर त्याचे गोल गोल डाग उठतात.