रेग्युलर कॉलेज नाही म्हणजे वर्ष वाया? त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. जूनमध्ये रेग्युलर कॉलेजला प्रवेश झाला नाही तर वर्ष गेलं. मुक्त विद्यापीठाच्या किंवा ऑनलाइन पदवीला किंमत नाही. एकदा तिकडे गेलं की रेग्युलरला परत येता येत नाही. आणि दहावीनंतर डिप्लोमा म्हणजे इंजिनीअरिंगला जायचा लांबचा रस्ता. चारही गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात, नियम मात्र एकही दिलेला नसतो.

डिप्लोमाचं आधी बघू, कारण ते साध्या बेरजेत निकाली निघतं. अकरावी-बारावीची 2 वर्षं आणि बी.ई.ची 4, एकूण 6. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा 3 वर्षं आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन उरलेली 3, एकूण 6. रस्ता तेवढाच आहे, शिवाय मध्येच थांबावं लागलं तर डिप्लोमा हातात असतो. महाराष्ट्रात डायरेक्ट सेकंड इयरसाठी सीईटी लागत नाही. प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून, होतो आणि किमान 45 टक्के लागतात (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40). जास्तीचं वर्ष जातं ते बारावी सायन्स करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसणाऱ्यांचं: 2 अधिक 3, म्हणजे बारावीनंतर 5 वर्षं.

या वाटेवरची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. डायरेक्ट सेकंड इयरची प्रवेशफेरी उशिरा संपते, तोवर तिसऱ्या सेमिस्टरचे वर्ग सुरू झालेले असतात. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू (इंजिनीअरिंगच्या गणिताचे पहिले दोन पेपर) न करता मुलं थेट एम-थ्रीत येतात आणि समोर लाप्लास, फुरिए. अडतात ती इंटिग्रेशनला. म्हणून डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपल्यावर प्रवेशाची वाट बघत बसू नका. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शियल फ्रॅक्शन आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन्स तेवढ्या दिवसांत हातातून गेली की एम-थ्री झेपतं.

आता पदवीच्या किमतीबद्दल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही त्याच विद्यापीठीय पातळीच्या नेहमीच्या पदवीला समतुल्य आहे. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने हे पुन्हा स्पष्ट केलं. एमपीएससी, यूपीएससीला अशी पदवी चालते. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द मात्र विद्यापीठाच्या नुसत्या नावाला लागू होत नाही. मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला, विशिष्ट पद्धतीला आणि विशिष्ट सत्राला असते. फसगत होते ती इथेच. विद्यापीठ खरं असतं, पण तो कोर्स त्या वर्षीच्या यादीत नसतो.

तपासायला पंधरा मिनिटं पुरतात. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, पोर्टलवर विद्यापीठ काढा. वर्ष आणि सत्र (जुलै-ऑगस्ट की जानेवारी-फेब्रुवारी) निवडा. यादीत कोर्सचं नाव अक्षरशः तेच आहे का आणि पुढे दूरस्थ लिहिलंय की ऑनलाइन, हे बघा. मग डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्याचा क्रमांक; क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेला अभ्यास मोजायचं एकक) काढा आणि त्यावर डीईबी आयडी. 2024 पासून त्याशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश होत नाही. कोणी क्लासवाला ‘आयडी-बियडी आम्ही बघतो, तुम्ही फक्त फी भरा’ म्हणत असेल तर तिथून उठा. फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला यूजीसीची मनाई आहे.

काही विषय या मार्गाने करताच येत नाहीत: इंजिनीअरिंग, मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून त्यात मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, आहारशास्त्र यांचीही भर पडली. तेव्हा ‘दूरस्थ बी.ए., विषय मानसशास्त्र’ अशी जुनी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा. आयआयटी मद्रासची 2021 मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीसुद्धा बी.एस. आहे, बी.टेक. नव्हे. तिला जेईई लागत नाही, पण चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरची केंद्रात बसून द्यायची क्वालिफायर परीक्षा ओलांडावी लागते.

बारावी न करता पूर्वतयारी शिक्षणक्रमातून मुक्त विद्यापीठात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. पदवी मिळते, पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, आणि ज्या भरतीत बारावी उत्तीर्ण असणं वेगळं मागितलेलं असतं तिथे अर्ज अडकतो. वय आणि वेळ हाताशी असेल तर एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, बारावी आधी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परत येता येत नाही, हा दावा पूर्वी बराचसा खरा होता. आता पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट्स आणि उन्हाळ्यातला 4 क्रेडिट्सचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण केली तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. 3 वर्षांच्या आत परतता येतं आणि एकूण 7 वर्षांत पदवी पुरी करता येते. क्रेडिट्स त्याच अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसी खात्यात, जमा राहतात. पण जमा क्रेडिट म्हणजे आरक्षित जागा नव्हे. नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. त्यामुळे पहिल्या वर्षाचे विषय निवडतानाच, ज्या विद्यापीठात जायचंय त्याचा आराखडा शेजारी ठेवा. आणखी एक क्षुल्लक वाटणारी भानगड म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, आणि वडिलांचं नाव एकीकडे असतं तर दुसरीकडे नसतं. नोंदी न जुळल्याने क्रेडिट्स खात्यात दिसत नाहीत. प्रवेशाआधीच आधार दुरुस्त करून घ्या. नंतर विद्यापीठाच्या खिडकीवर ते फार रखडतं.

उरलं ‘वर्ष गेलं’. इग्नूला (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला) जुलै आणि जानेवारी अशी दोन सत्रं आहेत, त्यामुळे जून हुकला तर सहा महिने जातात, वर्ष नाही. जूनमध्ये मिळालेलं कॉलेज मनासारखं नसलं तरी एप्रिल 2022 पासून एक रेग्युलर आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी एकाच वेळी करता येते. गॅप घेतलाच तर पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, इतकंच. फक्त जेईईवाल्यांनी तारखा मोजाव्यात: जेईई मेनला बारावीचं वर्ष आणि त्यापुढची दोन वर्षं बसता येतं, जेईई अ‍ॅडव्हान्स्डला मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी. नीटला संधींची मर्यादा नाही.